वाऱ्याचे वेळापत्रक : इजियन बेटांमधील शिडाच्या प्रवासाच्या नियोजनाचा इतिहास

प्रस्तावना

इ.स.पू. ३९९ मध्ये अथेन्सच्या न्यायालयाने सॉक्रेटिसला मृत्युदंड दिला, पण त्याची अंमलबजावणी लगेच झाली नाही. खटल्याच्या आदल्याच दिवशी अथेन्सच्या पवित्र जहाजाच्या मागच्या टोकाला हार घालण्यात आला होता. हे जहाज दरवर्षी डिलॉस बेटावर अपोलोच्या उत्सवाला जात असे, आणि ते परत येईपर्यंत नगरात कोणालाही देहदंड द्यायचा नाही असा दंडक होता. वारे उलटे लागले तर या फेरीला बराच काळ लागतो, असे प्लेटोने 'फीडो' या संवादात नोंदवले आहे. झेनोफनच्या सांगण्यानुसार सॉक्रेटिसला शिक्षेनंतर तीस दिवस मिळाले. अथेन्सपासून डिलॉस सुमारे दीडशे किलोमीटर आहे. आजची वेगवान बोट हे अंतर काही तासांत कापते.

आता कल्पना करा की तुम्ही आणि तुमचे तीन मित्र याच बेटांमध्ये आठवडाभर शिडाची नौका भाड्याने घेऊन हिंडणार आहात. नौका शनिवारी ताब्यात मिळेल आणि पुढच्या शुक्रवारी संध्याकाळी परत करायची आहे. नकाशा पसरून तुम्ही बेटांची नावे लिहायला सुरुवात करता. इथेच पहिली चूक होते. या समुद्रात आधी वारा पाहायचा आणि मग बेटे ठरवायची. हा नियम किमान २७०० वर्षे जुना आहे. तो कसा घडला आणि मोडल्यावर काय झाले, हे या पाठात आपण पाहू.

मी अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना प्रकल्प-नियोजन शिकवतो. त्यामुळे या इतिहासाकडे मी नियोजनाचा इतिहास म्हणूनच पाहतो.

१. समुद्र 'उघडा' केव्हा असतो?

नौकानयनाचा हंगाम सांगणारा सर्वांत जुना ग्रीक लेखक म्हणजे हेसिअड. इ.स.पू. ७०० च्या सुमारास रचलेल्या 'वर्क्स अँड डेज' या काव्यात तो शेतकऱ्याला सांगतो की वर्षातला सर्वांत मोठा दिवस उलटला की पुढचे पन्नास दिवस समुद्रप्रवासाला योग्य असतात. मात्र नवी द्राक्षमदिरा तयार होण्याची आणि शरदातल्या पावसाची वाट न पाहता लवकर घरी परतावे. वसंतातही जाता येते, पण ते त्याला पसंत नाही. गंमत म्हणजे आपण आयुष्यात एकदाच जहाजात बसलो, तेही ऑलिसपासून समोरच्या युबीया बेटापर्यंतच, अशी कबुली तो स्वतःच देतो. म्हणजे त्याचा सल्ला हा पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला लोकानुभव आहे.

रोमन काळाच्या उत्तरार्धात व्हेजिटियस या लेखकाने युद्धशास्त्रावरील ग्रंथात याच अनुभवाचे नेमके वेळापत्रक दिले :

• २७ मे ते १४ सप्टेंबर : प्रवास सुरक्षित.
• त्यानंतर ११ नोव्हेंबरपर्यंत : प्रवास धोक्याचा.
• ११ नोव्हेंबर ते १० मार्च : समुद्र 'बंद'.
• १० मार्चनंतर : समुद्र उघडतो, पण मे महिना अर्धा उलटेपर्यंत जपून.

समुद्र बंद का? वादळे हे एक कारण झाले. व्हेजिटियस लहान दिवस, लांब रात्री, दाट ढग आणि अंधूक दृष्टी ही कारणेही देतो. होकायंत्र नसताना दिवसा सूर्य व किनारा आणि रात्री तारे एवढाच आधार होता. ढग आले की तोही जाई.

कोकणच्या वाचकाला हे अनोळखी वाटणार नाही. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करून होड्या पाण्यात लोटण्याची रीत म्हणजे समुद्र 'उघडण्याचाच' दिवस. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै ही ६१ दिवसांची मासेमारीबंदी आज कायद्याने आहे. तिचा मुख्य हेतू माशांच्या प्रजननाला वाव देणे हा असला, तरी ती पावसाळी खवळलेल्या समुद्राच्या काळातच येते. फरक इतकाच की आपला समुद्र उन्हाळ्याच्या शेवटी बंद होतो आणि त्यांचा हिवाळ्यात.

'बंद' याचा अर्थ एकही जहाज निघत नसे असा नाही. रोममध्ये धान्य कमी पडले तेव्हा सम्राट क्लॉडियसने हिवाळ्यात धान्य आणणाऱ्या व्यापाऱ्यांचे वादळातले नुकसान स्वतः भरून देण्याचे मान्य केले. यावरून धोका किती खरा होता हे कळते. हमी दिल्याशिवाय कोणी निघायला तयार नव्हते.

२. उन्हाळ्यातला वारा : मेल्तेमी

हंगाम उघडा असला म्हणजे प्रश्न सुटला असे नाही. इजियन समुद्रावर उन्हाळ्यात, विशेषतः जुलै-ऑगस्टमध्ये, उत्तरेकडून जोरदार वारा वाहतो. प्राचीन ग्रीक त्याला एटेशियन, म्हणजे 'वार्षिक' वारे म्हणत. आजचे नाव मेल्तेमी. बोफर्ट मापनश्रेणीवर तो सहजपणे ६ ते ७ अंकांपर्यंत, म्हणजे ताशी ४० ते ६० किलोमीटरपर्यंत पोहोचतो आणि कित्येकदा दिवसच्या दिवस थांबत नाही. आकाश मात्र निरभ्र, निळे असते. ढग पाहून अंदाज बांधायची सवय असलेल्या माणसाला इथे कोणतीच सूचना मिळत नाही.

हा वारा येतो कुठून? बाल्कन प्रदेशावर हवेचा दाब जास्त असतो आणि तुर्कस्तान व पश्चिम आशियाच्या तापलेल्या भूमीवर कमी. या फरकामुळे वाहणारी हवा पृथ्वीच्या परिवलनाने वळते आणि इजियनवर ती उत्तरेकडून येते. पश्चिम आशियावरचा हा कमी दाबाचा पट्टा म्हणजे भारतीय मोसमी पावसाला कारणीभूत असलेल्या विस्तीर्ण कमी दाबाच्या क्षेत्राचे पश्चिमेकडचे टोक होय. म्हणजे रत्नागिरीच्या किनाऱ्यावर होड्या ओढून ठेवायला लावणारी आणि मायकोनोसच्या बंदरात नौका अडकवून ठेवणारी यंत्रणा मोठ्या प्रमाणात एकच आहे.

इ.स.च्या पहिल्या शतकातले व्यापारी या दोन्ही वाऱ्यांची सांगड घालत. प्लिनीने दिलेल्या मार्गानुसार एटेशियन वाऱ्यावर अलेक्झांड्रियाहून नाईल नदीतून वर कॉप्टॉसपर्यंत बारा दिवस, तिथून वाळवंटातून बेरेनिकी बंदरापर्यंत बारा दिवस, आणि मग भर उन्हाळ्यात जहाज हाकारून नैर्ऋत्येच्या मोसमी वाऱ्यावर केरळच्या मुझिरिसकडे. एका वाऱ्याची तारीख चुकली तर पुढचा वाराही हुकणार, हे उघड आहे.

राजकारणातही या वाऱ्याचा उपयोग झाला. इ.स.पू. ३५१ च्या सुमारास केलेल्या भाषणात डेमॉस्थेनिस अथेन्सकरांना बजावतो की मॅसिडोनियाचा फिलिप एटेशियन वारे किंवा हिवाळा पाहून हल्ला करतो, कारण त्या वेळी आपले आरमार उत्तरेकडे पोहोचू शकत नाही. त्याने सुचवलेला उपाय असा : सैन्य आधीच उत्तरेकडच्या बेटांवर नेऊन ठेवा, हिवाळा तिथेच काढू द्या. वाऱ्याच्या वरच्या बाजूला आधीच जाऊन बसा, हा त्याचा सारांश.

३. वाऱ्याविरुद्धचे गणित

कोणतीही शिडाची नौका वाऱ्याच्या थेट समोर जाऊ शकत नाही. तिला वारा एकदा डाव्या व एकदा उजव्या अंगावर घेत नागमोडी जावे लागते. नौका वाऱ्याच्या दिशेशी θ कोन करून जात असेल, तर कापायचे अंतर = सरळ अंतर ÷ cos θ.

उदाहरण : पुढचे बेट थेट उत्तरेला २० सागरी मैलांवर (सुमारे ३७ किलोमीटर) आहे आणि वारा उत्तरेचाच आहे.

(अ) आजची नौका, θ = ४५°, वेग ५ नॉट : अंतर २८.३ मैल, वेळ सुमारे ५ तास ४० मिनिटे.

(आ) प्राचीन चौकोनी शिडाचे जहाज, θ = ६०°, वेग ३ नॉट धरू : अंतर ४० मैल, वेळ १३ तास २० मिनिटे.

(इ) परतताना वारा पाठीशी, वेग ५ नॉट : अंतर २० मैल, वेळ ४ तास.

लाटांचा मार आणि नौकेचे बाजूला सरकणे यात धरलेले नाही. ते धरले तर पहिले दोन आकडे आणखी वाढतील. वेगाचा ३ नॉट हा आकडा मनचा नाही. सायप्रसच्या कायरेनिया बंदराजवळ इ.स.पू. ३०० च्या सुमाराचे सुमारे १४ मीटर लांबीचे एक व्यापारी जहाज समुद्रतळाशी सापडले. १९८० च्या दशकात त्याची हुबेहूब प्रतिकृती बांधून समुद्रात चालवण्यात आली, तेव्हा तिचा सरासरी वेग सुमारे इतकाच भरला. मूळ जहाजात दारूचे व तेलाचे सुमारे ४०० कुंभ, हजारो बदाम आणि चार माणसांपुरती भांडी होती. तुमच्यासारखेच चौघे!

वल्ह्यांच्या युद्धनौकांचेही वाऱ्यावाचून चालत नसे. इ.स.पू. ४२७ मध्ये बंडखोर मायटिलीनीतल्या सर्व प्रौढ पुरुषांना ठार मारण्याचा आदेश घेऊन अथेन्सहून एक नौका निघाली. दुसऱ्या दिवशी सभेने निर्णय फिरवला आणि दुसरी नौका मागे धाडली. सुमारे ३४० किलोमीटरचे अंतर, आणि पहिली नौका एक दिवस व एक रात्र पुढे. वल्हेकऱ्यांनी दारू व तेलात कालवलेले सातूचे पीठ वल्हवता वल्हवताच खाल्ले आणि पाळीपाळीने झोप घेतली. पहिला आदेश वाचला जात असतानाच दुसरी नौका पोहोचली. थ्युसिडिडीज एक वाक्य आवर्जून लिहितो : सुदैवाने वारा उलटा लागला नाही.

४. एका चुकीच्या निर्णयाची चिकित्सा

बायबलच्या नव्या करारातील 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या २७ व्या अध्यायात एका प्रवासाचे तपशीलवार वर्णन आहे. काळ इ.स. ६० च्या आसपासचा. कैदी म्हणून रोमला नेला जाणारा पौल एका धान्यवाहू जहाजावर आहे. जहाजावर २७६ माणसे. उलट्या वाऱ्याने रखडत ते क्रीटच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या 'सुंदर बंदर' नावाच्या ठिकाणी पोहोचते. यहुद्यांचा शरदातला उपवास उलटून गेला आहे, म्हणजे व्हेजिटियसच्या भाषेत 'धोक्याचा' काळ सुरू आहे.

पौल म्हणतो, पुढे जाऊ नका. तांडेल आणि जहाजमालक म्हणतात, हे बंदर हिवाळा काढायला सोयीचे नाही, किनाऱ्याने पश्चिमेला फिनिक्सपर्यंत तरी जाऊ. रोमन अधिकारी जाणकारांचे ऐकतो. यात वेडेपणा काहीच नाही. आपणही तेच केले असते. आणि तेवढ्यात दक्षिणेचा मंद वारा सुटतो. सगळ्यांना वाटते, काम झाले.

थोड्याच वेळात क्रीटच्या डोंगरांवरून ईशान्येचे वादळ खाली झेपावते. जहाज चौदा रात्री वाहत जाते. धान्य समुद्रात फेकावे लागते. शेवटी माल्टाच्या किनाऱ्यावर जहाज फुटते. माणसे मात्र सगळी वाचतात, आणि पुढचे जहाज मिळेपर्यंत तीन महिने तिथेच थांबतात.

इथे तीन चुका ओळीने दिसतात. आधीच वाया गेलेले दिवस भरून काढण्याची घाई, सोयीच्या मुक्कामाचा मोह, आणि क्षणभराच्या चांगल्या वाऱ्याला हवामान समजणे. आज शुक्रवारी नौका परत करायची म्हणून गुरुवारी मेल्तेमीत निघणारा पर्यटक नेमके हेच करतो.

५. अनुभवाची पुस्तके

हा अनुभव हळूहळू लिखित झाला. प्राचीन 'स्टेडिआस्मस' या ग्रीक मार्गदर्शिकेत बंदरांमधली अंतरे, नांगरण्याच्या जागा आणि गोड्या पाण्याच्या नोंदी आहेत. तेराव्या शतकात होकायंत्र आणि किनाऱ्यांचे नकाशे आले. ढगाळ आकाशाखालीही दिशा कळू लागली आणि व्हेनिससारख्या नगरांचा बंद हंगाम आखूड झाला. १४२० च्या सुमारास बुऑन्देलमोन्ती या फ्लॉरेन्सच्या लेखकाने इजियन बेटांचे नकाशांसह पुस्तक लिहिले. तुर्की दर्यावर्दी पिरी रेइस याने १५२१ मध्ये 'किताब-इ बहरिये' सिद्ध केले. त्यात कोणत्या बेटाच्या कोणत्या बाजूला आसरा आहे, खडक कुठे आहेत, हे सांगितले आहे. १९७० च्या दशकात ग्रीसमध्ये मार्गदर्शक नौकेच्या मागोमाग छोट्या नौकांचा ताफा नेण्याच्या सहली सुरू झाल्या आणि व्यापाऱ्यांचे हे ज्ञान सुट्टीवरच्या माणसाच्या हाती आले.

६. मग तुमचा बेत कसा आखाल?

• आधी महिना. सायक्लाडीझ बेटांसाठी जून किंवा सप्टेंबर बरा. जुलै-ऑगस्टच हाती असेल तर सॅरोनिक आखात किंवा पश्चिमेकडची आयोनियन बेटे निवडा. तिथे वारा सौम्य असतो.
• मग दिशा. वारा नरम असेल तेव्हाच आधी उत्तरेकडे चढा. परतीच्या वेळी वारा पाठीशी राहील. दक्षिणेला आधी उतरलात तर परतीचा प्रत्येक मैल वर काढलेल्या गणिताने महाग पडेल.
• मग राखीव दिवस. सातांपैकी किमान दोन दिवस कोरे ठेवा आणि शेवटच्या रात्रीपूर्वीच मूळ बंदराच्या जवळ या.
• आसरा तपासा. डोंगराळ बेटाच्या दक्षिण बाजूला लाटा कमी असतात, पण डोंगरावरून घसरणारे वाऱ्याचे झोत तीव्र असू शकतात.
• माणसे. ग्रीसमध्ये परवानाधारक कप्तानाबरोबर नौका हाताळता येणारा दुसरा माणूसही लागतो. नियम त्रासदायक वाटेल, पण कप्तान आजारी पडला तर सुकाणू कोण धरणार, हा त्यामागचा प्रश्न आहे.
• सर्वांत शेवटी बेटांची यादी. तीही पेन्सिलीने.

डिलॉस बेट त्या यादीत जरूर ठेवा, पण मुक्काम मायकोनोसला करा, कारण डिलॉसवर रात्री राहायला परवानगी नाही. आणि वाऱ्याने ते चुकलेच, तर वाईट वाटून घेऊ नका. प्रत्यक्ष अथेन्सच्या पवित्र जहाजालाही तिथून परतण्याची तारीख आधी सांगता येत नव्हती. उलट त्या अनिश्चिततेला नगराने आपल्या कायद्यात जागा दिली होती. चांगले नियोजन म्हणजे तरी दुसरे काय?

सारांश

भूमध्य समुद्रातील नियोजनाचा क्रम हंगाम, वारा, दिशा, राखीव वेळ आणि शेवटी ठिकाण असा राहिला आहे. साधने बदलली, तरी हा क्रम बदललेला नाही. बहुतेक अपघात अज्ञानापेक्षा ठरलेली तारीख पाळण्याच्या हट्टातून घडतात.

विचारासाठी प्रश्न

१. θ = ५०° आणि वेग ४.५ नॉट धरून कलम ३ मधले उदाहरण पुन्हा सोडवा.
२. पौलाच्या प्रवासातील रोमन अधिकाऱ्याच्या जागी तुम्ही असता, तर कोणती माहिती मागितली असती?
३. तुमच्या जवळच्या किनाऱ्यावरील किंवा नदीवरील लोकांकडून प्रवासाचा 'उघडा' आणि 'बंद' हंगाम कसा ओळखतात याची माहिती घ्या आणि व्हेजिटियसच्या वेळापत्रकाशी तिची तुलना करा.