सातारा-सांगली परिसरातील बौद्ध लेणी : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
इ.स.च्या सातव्या शतकात महाराष्ट्रात आलेल्या ह्युएन त्संग या चिनी प्रवाशाने येथे सुमारे १०० संघाराम व ५००० भिक्षू असल्याची नोंद केली आहे. सातारा जिल्ह्यातील लेणी त्या काळीही काही शतके जुनी होती. अजिंठा-वेरूळच्या तुलनेत ती उपेक्षित राहिली. प्रस्तुत निबंधात उत्तरेकडून दक्षिणेकडे त्यांचा मागोवा घेतला आहे.

शिरवळ व लोहारे :
पुणे-सातारा मार्गावरील शिरवळजवळच्या लेणी-समूहात साधा स्तूप असलेले चैत्यगृह व भिक्षूंच्या निवासाच्या खोल्या आहेत. वाईजवळील लोहारे येथील चैत्यगृहातील स्तूप 'पालपेश्वर' या नावाने शिवलिंग म्हणून पूजला जातो.

कराडची आगाशिव लेणी :
कृष्णा-कोयनेच्या संगमावरील कराड हे प्राचीन 'करहाकड' होय. कोकणातील कुडे येथील लेण्यात करहाकडच्या महिक नावाच्या लोखंड-व्यापाऱ्याच्या दानाचा लेख आहे. घाटमार्गाने चालणारा व्यापार आणि धर्मदान यांचा संबंध यावरून स्पष्ट होतो. जखिणवाडीजवळच्या आगाशिव डोंगरात साठाहून अधिक लेणी असून त्यांत चैत्यगृहे, विहार व पाण्याची टाकी आढळतात. खडक ठिसूळ असल्याने कोरीव काम मोजके आहे व पुष्कळ भाग झिजला आहे. गोपालपुत्र संघमित्राने लेणे दान दिल्याचा ब्राह्मी लेख येथे आहे. १८५० च्या सुमारास बार्टल फ्रिअर यांनी व १८८० मध्ये फर्ग्युसन-बर्जेस यांनी या लेण्यांची दखल घेतली.

सांगलीकडे :
कृष्णेच्या प्रवाहाबरोबर दक्षिणेस गेल्यास खडकात देवालय कोरण्याची परंपरा अन्य धर्मांतही चालू राहिलेली दिसते. कुंडल येथील जैन लेणी व मिरज तालुक्यातील दंडोबा डोंगरावरील शिवमंदिर ही त्याची उदाहरणे होत.

निष्कर्ष :
विद्यार्थ्यांसह लेणी पाहताना 'ही पांडवांनी एका रात्रीत कोरली' असे उत्तर हमखास मिळते. या आख्यायिकेत महिक व संघमित्र हे खरे दाते हरवतात. संघमित्राने एका ओळीत आपले नाव कोरले, ते दानाची साक्ष म्हणून. आजचे काही प्रेक्षक भिंतींवर नावे खरडतात, ती केवळ नासधूस ठरते. दुसरीकडे, लोहारे येथील स्तूप शिवलिंग झाला तरी त्याची देखभाल होत राहिली, हेही नाकारता येत नाही. म्हणून पूजेस विरोध न करता मूळ इतिहास सांगणारा मराठी फलक प्रत्येक लेण्याजवळ असणे व महाविद्यालयांच्या अभ्यास सहली तेथे नेणे आवश्यक आहे. स्थानिकांना दात्यांची नावे ठाऊक झाल्यासच ही लेणी त्यांना आपली वाटतील आणि टिकतील.