प्लेगनंतरची मुंबई : नगराच्या पुनर्बांधणीचा लाभ कोणाला?

मुंबईत धोबी तलावाच्या गजबजाटात, मेट्रो चित्रपटगृहाजवळ डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस यांचा पुतळा आहे. दररोज हजारो माणसे त्याच्या बाजूने लगबगीने जातात. मात्र हा पुतळा कोणाचा, असे विचारल्यास उत्तर देणारा क्वचितच भेटेल. व्हिएगस मूळचे बारदेशातील हडफड्याचे. जन्म १८५६ चा. वैद्यकीच्या निमित्ताने ते मुंबईकर झाले, महानगरपालिकेवर निवडून आले आणि १९०६ साली तिचे अध्यक्षही झाले. परंतु त्यांचे नाव इतिहासात राहिले ते सप्टेंबर १८९६ मधील एका निदानामुळे. मांडवी भागातील एका रुग्णाला तपासून त्यांनी ठामपणे सांगितले की, हा साधा ताप नव्हे, ही गाठीची साथ आहे. प्लेग हा शब्द उच्चारण्यास सरकारी अधिकारी तेव्हा कचरत होते. बंदराच्या व्यापारावर गदा येईल, ही भीती त्यामागे होती. व्हिएगस कचरले नाहीत.

पुढच्या चार-पाच महिन्यांत मुंबईतून जवळजवळ निम्मे लोक बाहेर पडले. रेल्वेस्थानकांवर आणि बंदरांवर गर्दी लोटली; गिरण्यांचे भोंगे वाजत होते, पण आत जायला माणसे अपुरी पडू लागली. १८९१ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ८,२१,७६४ होती. १९०१ मध्ये ती ७,७६,००६ भरली. वाढत्या शहराची संख्या दहा वर्षांत घटावी, ही बाब बोलकी आहे. माझगाव, गिरगाव, वांद्रे येथील जुन्या वस्त्यांतून फिरताना गल्लीच्या तोंडाशी जे क्रूस दिसतात, त्यांतील कित्येक याच काळात उभारले गेले. आपल्या वाडवडिलांनी त्या क्रुसांभोवती जमून काय मागितले असेल, हे निराळे सांगायला नको.

प्लेग मांडवीतच का भडकला? त्या भागात धान्याची कोठारे होती, म्हणून उंदीर होते. आणि त्या कोठारांच्या वर, मागे, बाजूला माणसे अक्षरशः कोंबलेली होती. जुन्या मुंबईतील भाड्याच्या घरांची रचना पाहिली पाहिजे. अरुंद पण खोल भूखंडावर तीन-चार मजले चढवायचे, दोन इमारतींच्या मध्ये सफाईपुरती घरगल्ली ठेवायची, आणि आतल्या खोल्यांना खिडकी असलीच तर ती त्या घरगल्लीत उघडायची. भर दुपारीही तिथे दिवा लावावा लागे. साथीच्या काळात तपासणी पथके येत, भिंतींना चुना फासत, कौले काढून ऊन आत घेत, आणि ज्या घरात माणसाने राहू नये असे ठरे त्याच्या भिंतीवर ‘यू. एच. एच.’ ही तीन इंग्रजी अक्षरे रंगवून जात. घरांची झडती, रुग्णांना सक्तीने इस्पितळात नेणे, यांमुळे लोकांत संताप उसळला. मार्च १८९८ मध्ये मुंबईत दंगलही झाली.

या पार्श्वभूमीवर, गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांच्या कारकिर्दीत, १८९८ च्या कायद्याने मुंबई शहर सुधारणा विश्वस्त मंडळ स्थापन झाले. सर्वसामान्य लोक त्याला नुसते ‘इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ म्हणत. जमीन सक्तीने संपादन करणे, दाट वस्ती पाडणे, नवे रस्ते काढणे, गरिबांसाठी निवारा बांधणे आणि शहराला उत्तरेकडे वाढू देणे, एवढे अधिकार एका मंडळाच्या हाती आले. नगराचे पुनरुज्जीवन हा शब्द आज आपण सहज वापरतो. मुंबईत त्याचा पहिला मोठा प्रयोग हाच होय.

ट्रस्टची पहिली योजना नागपाड्याची. घरे पडली, जागा मोकळी झाली. त्यानंतर प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड हे दोन रुंद रस्ते जुन्या वस्तीतून पश्चिम-पूर्व काढण्यात आले. समुद्रावरचा वारा त्यांतून शहराच्या पोटात शिरावा, अशी कल्पना होती. आजचा शामळदास गांधी मार्ग म्हणजे तो प्रिन्सेस स्ट्रीट. आपल्या लोकांची जुनी वस्ती असलेले कावेल आणि गोव्याहून आलेल्या खलाशांच्या, आचाऱ्यांच्या कुडी असलेला धोबी तलाव हे सारे याच परिसरातले. त्या रस्त्यांनी शहराला हवा दिली, वाहतुकीला वाट दिली, हे निर्विवाद आहे.

पण पाडलेल्या घरांतील माणसे कुठे गेली? हा प्रश्न ट्रस्टला फार उशिरा पडला, असे म्हणावे लागते. बांधण्याआधी पाडण्याचा सपाटा चालला. घर गेलेला हमाल किंवा गिरणी कामगार कामाच्या जागेपासून दूर जाऊ शकत नव्हता. पायी जाण्याइतक्या अंतरावरच त्याला राहणे भाग होते. म्हणून तो शेजारच्याच चाळीत, आधीच दाटीत राहणाऱ्या नातेवाइकाच्या किंवा गाववाल्याच्या खोलीत शिरला. एका गल्लीतील दाटी मोडली आणि पुढच्या गल्लीतील वाढली. त्यातच नुकसानभरपाई भाड्याच्या उत्पन्नावरून ठरत असल्याने, संपादन होणार याचा वास लागताच काही घरमालक आपल्या खोल्यांत आणखी भाडेकरू भरत. घर जितके वाईट, तितकी किंमत चांगली! कायदा करणाऱ्यांच्या ध्यानात ही गोष्ट आली नसावी. घरमालकांच्या मात्र ती लवकर आली.

१९०९ नंतर ट्रस्टचे अध्यक्ष झालेले जे. पी. ऑर हे या मंडळाच्या इतिहासातील सर्वांत विचारी अधिकारी. दाट वस्तीवर थेट हल्ला करण्यापेक्षा बाहेर मोकळी जागा तयार करावी, म्हणजे आतली गर्दी आपोआप सैल होईल, असा त्यांचा विचार होता. उजेडाविषयी तर त्यांना ध्यासच होता. साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनाचा नियम त्यांनी लावून धरला. सोप्या शब्दांत त्याचा अर्थ असा की, खिडकीसमोर जेवढी मोकळी जागा असेल, तिच्या दुपटीहून समोरची भिंत उंच नसावी. म्हणजे तळमजल्यावरच्या खोलीतूनही आभाळाचा तुकडा दिसेल. मौज अशी की, प्लेग अंधाराने नव्हे तर उंदरावरील पिसवांमुळे पसरतो, हे याच सुमारास संशोधकांनी सिद्ध केले होते. तरीही ऑर यांचा आग्रह वाया गेला नाही. क्षयाने पोखरलेल्या त्या शहरात उजेड आणि हवा यांची गरज प्लेगशिवायही होतीच.

ट्रस्टच्या चाळी आग्रीपाडा, नागपाडा, परळ इत्यादी भागांत उभ्या राहिल्या. एका कुटुंबाला एक खोली, मजल्यावर सामायिक नळ आणि शौचालये. ऐषाराम त्यात काहीच नव्हता. तरी ‘बी. आय. टी. चाळ’ हे नाव मुंबईच्या इतिहासात राहण्याचे मोठे कारण परळच्या चाळीत आहे. तेथील पहिल्या क्रमांकाच्या चाळीत, दुसऱ्या मजल्यावरील ५० आणि ५१ क्रमांकांच्या खोल्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर सुमारे दोन दशके राहिले. परदेशातील पदव्या घेऊन ते परतले ते याच खोल्यांत. महाडचा संग्राम लढला गेला तेव्हाही त्यांचा पत्ता हाच होता. सार्वजनिक पैशाने बांधलेल्या दोन खोल्यांतून किती मोठे काम उभे राहू शकते, याचे याहून मोठे उदाहरण मला ठाऊक नाही.

ट्रस्टचे सर्वांत देखणे काम दादर-माटुंग्याचे. शेते आणि खाजणे यांच्या जागी आखीव रस्ते, झाडांच्या रांगा आणि बागा आल्या. ट्रस्टमधील अभियंते मंचेरजी एदलजी जोशी यांनी आपल्या समाजातील कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी १०३ भूखंड राखून घेतले आणि दादरची पारशी कॉलनी वसवली. हिंदू कॉलनी, माटुंग्याची दाक्षिणात्य वस्ती ही त्याच योजनेची अपत्ये. मात्र येथे राहायला आले ते कारकून, शिक्षक, वकील, छोटे व्यापारी. ज्याचे नागपाड्यातील किंवा मांडवीतील घर पडले, तो माटुंग्याला आला नाही. त्याला आगगाडीचा पासही परवडत नव्हता.

नेमक्या याच मुद्द्यावर पॅट्रिक गेडिस हा स्कॉटिश विचारवंत बोट ठेवीत असे. १९१४ मध्ये तो हिंदुस्थानात आला आणि १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा पहिला प्राध्यापक झाला. नकाशावर पट्टी ठेवून सरळ रस्ता आखणाऱ्या अभियंत्यांवर त्याचा रोष होता. वस्तीत पायी फिरावे, जे अगदीच मोडकळीस आले आहे तेवढेच काढावे, विहीर, देऊळ, पाराचे झाड राखावे, आणि उरलेल्या घरांना श्वास घेता येईल एवढी जागा करावी, असे तो सांगे. शल्यवैद्य जसा निरोगी अवयव कापीत नाही, तसे हे काम असावे, ही त्याची दृष्टी होती. खर्चही त्यात कमी लागे. मुंबईने त्याला प्राध्यापकपद दिले. त्याचे ऐकले मात्र थोडेच.

शहराच्या हद्दीबाहेर, वांद्र्यात, त्याच वर्षांत वेगळी वाट निघाली. १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्याखाली झालेल्या अगदी पहिल्या योजनांपैकी एक वांद्र्याची. या पद्धतीत सरकार सगळी जमीन घेऊन मालकाला बाहेर काढीत नाही. वेडीवाकडी शेते एकत्र मांडली जातात, प्रत्येकाच्या वाट्यातून रस्ता-गटारासाठी थोडा भाग कापला जातो, आणि मालकाला त्याच परिसरात नीट आकाराचा भूखंड परत मिळतो. १९१८ मध्ये वांद्र्यात साल्सेट कॅथलिक को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी स्थापन झाली. गावदेवीला १९१५ साली तळमकी यांनी उभारलेल्या सारस्वत सोसायटीचे उदाहरण समोर होतेच. एकट्याला न पेलणारी जमीन सभासदांनी एकत्र येऊन मिळवली आणि भूखंड पाडून घरे बांधली.

या गोष्टीचा आपल्याला अभिमान वाटणे साहजिक आहे. तरी एक गोष्ट सांगितली पाहिजे. वांद्र्याची ही नवी वस्ती भातखाचरांवर उभी राहिली. ज्यांची स्वतःची शेते होती, त्यांना भूखंड मिळाले. जे ती शेते मजुरीने किंवा खंडाने कसत होते, त्यांना काही मिळाले नाही. मालकी कागदावर असली तरच पुनर्रचनेत वाटा मिळतो, हा अनुभव पुढे मुंबईत आणि वसईतही अनेकांना आला.

ट्रस्ट १९३३ मध्ये महानगरपालिकेत विलीन झाला. त्याआधीच, १९२० मध्ये, गव्हर्नर लॉइड यांनी विकास संचालनालय काढून गिरणगावासाठी सिमेंट काँक्रीटच्या २०७ चाळी बांधायला घेतल्या होत्या. वरळी, नायगाव, डिलाइल रोड, शिवडी येथील याच त्या बी. डी. डी. चाळी, प्रत्येकीत ८० खोल्या आणि खोली १६० चौरस फुटांची. भाडे जास्त, भिंती उदास. म्हणून सुरुवातीला कित्येक खोल्या रिकाम्या राहिल्या. सविनय कायदेभंगाच्या काळात वरळीच्या चाळींचा तुरुंग म्हणूनही उपयोग झाला. नंतर मात्र त्या भरल्या, आणि तीन-तीन पिढ्या तेथे वाढल्या.

याच वरळीत ऑगस्ट २०२५ मध्ये पुनर्विकासाच्या पहिल्या टप्प्यात ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. खोली १६० चौरस फुटांची होती, घर ५०० चौरस फुटांचे मिळाले. आणि तेही गाव न सोडता, जुन्याच जागी, जुन्याच शेजाऱ्यांसह. मांडवीच्या हमालाला जे कोणी विचारले नव्हते ते येथे आधी लेखी ठरले होते. या उंच इमारतींच्या देखभालीचा खर्च निवृत्त गिरणी कामगाराच्या कुटुंबाला वर्षानुवर्षे कसा झेपेल, ही चिंता आता तेथील घराघरांत बोलली जाते. नायगाव आणि ना. म. जोशी मार्ग येथील चाळींचे काम अद्याप चालू आहे.