एका गोंगाटाचा इतिहास



या व्यासपीठावरून संगीताविषयी बोलायचे म्हणजे किराणा नाही तर ग्वाल्हेर, अशी आपली रीत. मी आज बोलणार आहे ते मात्र मोटरहेड या इंग्रजी 'हेवी मेटल' वाद्यवृंदाच्या एका ध्वनिमुद्रिकेविषयी. तिचे नाव 'नो स्लीप टिल हॅमरस्मिथ', म्हणजे हॅमरस्मिथ गाठेपर्यंत झोप नाही. कामगार चळवळीतल्या माणसाने हा विषय का घ्यावा, असे कोणी विचारील. उत्तर त्या नावातच आहे. झोप कोणाला नाही आणि कोणासाठी नाही, हा आमचा जुनाच प्रश्न आहे.

मोटरहेडचा संस्थापक लेमी किलमिस्टर याचा जन्म १९४५ सालचा, कुंभारकामाच्या भट्ट्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या स्टोक-ऑन-ट्रेंटचा. १९६७ साली तो जिमी हेंड्रिक्सच्या वाद्यवृंदाचे सामान उचलण्याच्या कामावर होता. पुढे हॉकविंड या वाद्यवृंदातून त्याला काढून टाकले, तेव्हा १९७५ साली त्याने स्वतःचा संच उभा केला. गिटारीवर एडी क्लार्क आणि ड्रमवर फिल टेलर हे त्याचे नामांकित साथीदार होत.

१९८० च्या अखेरीस टेलरची मान मोडली. फेब्रुवारी १९८१ मध्ये निघालेल्या छोट्या ध्वनिमुद्रिकेसाठी दुसऱ्या संचातील वादिकेला ड्रमवर बसवावे लागले. मार्चमध्ये टेलर परतला आणि चार रात्रींचा दौरा ठरला. दौऱ्याच्या नावातही त्या मानदुखीची थट्टा केलेली होती! २७ तारखेस वेस्ट रंटन, २८ ला लीड्स, २९ व ३० ला न्यूकॅसल. ध्वनिमुद्रिकेतील बहुतेक गाणी लीड्स आणि न्यूकॅसल येथली आहेत. हॅमरस्मिथ हा लंडनचा भाग. तो नावात आला, पण मुद्रण झाले ते उत्तरेकडच्या श्रमिकांच्या शहरांत.

या शहरांकडे जरा पाहा. लीड्सचे क्वीन्स हॉल हे सभागृह म्हणजे मूळची ट्रामगाड्यांची शेड. न्यूकॅसल हे कोळशाचे आणि जहाजबांधणीचे गाव. त्या वर्षी इंग्लंडात कारखान्यांमागून कारखाने बंद पडत होते. जानेवारी १९८२ मध्ये बेकारांचा आकडा ३० लाखांच्या वर गेला. ज्यांच्या हातचे काम जात होते त्यांतली कितीतरी पोरे त्या गर्दीत असली पाहिजेत. जून १९८१ मध्ये ही ध्वनिमुद्रिका बाहेर पडली ती थेट ब्रिटनच्या विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर.

आता प्रश्न कलेचा. हा नुसता गोंगाट नव्हे काय? गोंगाट खराच, पण तो शिस्तीचा आहे. लेमी बास गिटार नेहमीच्या रीतीने वाजवीत नसे. दोन-तीन तारा एकदम छेडून तो तिच्यातून भरड, करकरीत नाद काढी. मायक्रोफोन डोक्याच्याही वर ठेवून मान वर करून गाई. 'ओव्हरकिल' या गाण्यात टेलरचे दोन्ही पाय दोन मोठ्या ड्रमवर अखंड चालतात. गाणे संपले असे वाटते आणि पुन्हा उसळते. मागावर पाळी केलेल्या माणसाला या तालाची वेगळी ओळख करून द्यावी लागत नाही. बंद खोलीत केलेल्या मुद्रणात ही गाणी नीटनेटकी आहेत. येथे ती धावतात, कारण समोर माणसे आहेत आणि त्यांची आरोळीही मुद्रणात आली आहे.

परंतु माझ्या मते या ध्वनिमुद्रिकेचे मोठेपण आणखी एका गोष्टीत आहे. तिच्यात एक गाणे आहे ते सामान वाहणाऱ्या, तारा जोडणाऱ्या, दिवे टांगणाऱ्या मंडळींवर. मोटरहेडच्या रंगमंचावर बॉम्बफेकी विमानाच्या आकाराचा दिव्यांचा अवाढव्य सांगाडा लटकत असे. तो रोज उभा करायचा, रात्री उतरवायचा, ट्रकात भरायचा आणि सकाळी दुसऱ्या गावी पुन्हा उभा करायचा, हे काम कोणी केले? प्रेक्षकांना त्यांची नावे ठाऊक नसतात. स्वतः ओझी वाहिलेल्या माणसाने त्यांना गाण्यात जागा दिली, हे मला फार मोलाचे वाटते.

तरीही एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. झोप न घेण्याचा अभिमान तरुणांना शोभतो, पण मालकाला तो फार सोयीचा पडतो. जागरणाने हात चुकतो आणि अपघात होतो. मोडलेल्या मानेवर विनोद करणे हा त्या मंडळींचा दिलदारपणा; आपण मात्र विचारले पाहिजे की दौऱ्यात विश्रांती किती, दुखापत झाली तर खर्च कोणाचा. गाण्यात सन्मान मिळाला म्हणून वेतनाचा आणि कामाच्या तासांचा प्रश्न सुटत नाही.

टेलर आणि लेमी २०१५ साली गेले, क्लार्क २०१८ साली. क्वीन्स हॉल त्याआधीच पाडले गेले. मागे राहिली ती ही ध्वनिमुद्रिका. ती ऐकाल तेव्हा वादकांबरोबर त्यांच्या पाठीमागे उभ्या असलेल्या माणसांचाही कानोसा घ्या, एवढीच माझी विनंती.