फ्लूची साथ कशी मोजतात? मोबाइलवरच्या ग्राफमागचा आकडा येतो कुठून?

पावसाळा सुरू झाला की संभाजीनगरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो: "घाटीत स्वाइन फ्लूचे इतके पेशंट, सगळ्यांना पाठवा." आकडा खरा की खोटा, हे कळायला आधी खरा आकडा तयार कसा होतो ते माहीत पाहिजे. आज तेच बघू.

ताप, फॉर्म आणि प्रयोगशाळा

प्रत्येक सर्दी-तापाची तपासणी कुठलाच देश करत नाही. त्यामुळे आधी लक्षणं मोजतात. जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्या सोपी आहे: ३८ अंश सेल्सिअस किंवा जास्त ताप, सोबत खोकला, आणि आजार गेल्या १० दिवसांत सुरू झालेला. याला 'फ्लूसदृश आजार' म्हणतात. असाच पेशंट अॅडमिट करावा लागला तर तो 'तीव्र श्वसन आजार' या खात्यात जातो.

भारतात ही मोजणी २००४ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रमातून होते. यात तीन प्रकारचे फॉर्म आहेत. 'एस' फॉर्म गावपातळीवरची आरोग्यसेविका नुसत्या लक्षणांवरून भरते. 'पी' फॉर्म डॉक्टर तपासून भरतात. 'एल' फॉर्म प्रयोगशाळेचा, म्हणजे पक्का. पूर्वी हे कागद आठवड्याला वर जायचे. २०२१ पासून देशभर आरोग्य खात्याचं ऑनलाइन पोर्टल आलं आणि एंट्री रोजच्या रोज होऊ लागली.

नाकातला-घशातला नमुना थंड डब्यातून प्रयोगशाळेत जातो आणि तिथे आरटी-पीसीआर होते. करोनामुळे हा शब्द आता सगळ्यांना पाठ आहे. करोनाच्या काळात घाटीतही या चाचणीची सोय झाली. २००९ साली अशा प्रयोगशाळा राज्यात मोजक्याच होत्या आणि मुख्य भार पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेवर होता.

२००९: पुण्याने काय शिकवलं

त्या वर्षी मे महिन्यात हैदराबादला देशातला पहिला एच१एन१ रुग्ण सापडला. ११ जूनला जागतिक आरोग्य संघटनेने महासाथ जाहीर केली. पण आपल्याकडे खरी खळबळ उडाली ३ ऑगस्टला, देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला तेव्हा. शाळा, मॉल, थिएटर बंद झाले. नायडू रुग्णालयाबाहेर तपासणीसाठी रांगा लागल्या.

इथेच आकड्यांची गंमत सुरू होते. लोक घाबरले की तपासणीला जास्त येतात, आणि तपासणी वाढली की सापडणारे रुग्णही वाढतात. मग आजार वाढला की फक्त शोध वाढला? यावर उपाय म्हणजे 'पॉझिटिव्हिटी रेट'. समजा गेल्या आठवड्यात १०० नमुन्यांत १० पॉझिटिव्ह आले आणि या आठवड्यात ४०० मध्ये ४०. रुग्ण चौपट दिसतात, पण दर तोच १० टक्के. उलट १०० पैकी ३० आले, तर मात्र साथ खरंच चढतेय. म्हणून नुसता रुग्णांचा आकडा सांगणारी बातमी अर्धीच असते. किती तपासले, हे विचाराच.

दुसरा घोळ मृत्यूच्या प्रमाणाचा. २०१५ मध्ये देशात एच१एन१चे सुमारे ४२,६०० रुग्ण नोंदले गेले आणि जवळपास ३,००० मृत्यू झाले. भागाकार केला तर ७ टक्के येतात. भीतीच वाटते ना? पण आरोग्य मंत्रालयाच्या नियमानुसार पेशंटचे 'अ', 'ब', 'क' असे गट पडतात. साध्या तापाच्या 'अ' गटाची आणि जोखमीच्या 'ब' गटाचीही तपासणी करत नाहीत. तपासणी होते ती मुख्यतः 'क' गटाची, म्हणजे दम लागणं, छातीत दुखणं, रक्तदाब उतरणं असं गंभीर काही असणाऱ्यांची. भागाकारातला खालचा आकडाच लहान पडतो, म्हणून टक्का फुगतो. याचा दुसरा अर्थही लक्षात ठेवा: घरी गरोदर बाई, म्हातारी माणसं किंवा दम्याचा पेशंट असेल तर रिपोर्टची वाट बघत बसू नका. ऑसेल्टामिव्हिर हे औषध लक्षणं सुरू झाल्यापासून ४८ तासांत सर्वात चांगलं काम करतं, आणि ते डॉक्टरांनीच द्यायचं असतं.

गुगलने प्रयत्न केला होता

सरकारी आकडा यायला एक-दोन आठवडे लागतात, मग लोक काय सर्च करतात त्यावरूनच साथ ओळखली तर? २००८ मध्ये गुगलने 'फ्लू ट्रेंड्स' काढलं ते याच कल्पनेवर. अमेरिकेतले ५ कोटी सर्च शब्द चाळून त्यातले ४५ निवडले. चाळणीत शाळांच्या बास्केटबॉलसारखे शब्दही वर आले होते, कारण तिकडे बास्केटबॉलचा आणि फ्लूचा सीझन एकच. आपल्याकडे पावसाळ्यात भजीच्या रेसिपीचे सर्च वाढले म्हणून कोणी फ्लूचा अंदाज बांधावा, तसंच हे. ते शब्द काढून टाकले, तरी २००९ च्या महासाथीची पहिली लाट या यंत्रणेने कमी दाखवली. २०१२-१३ च्या हिवाळ्यात उलट झालं, आकडा प्रत्यक्षाच्या जवळपास दुप्पट आला. २०१५ मध्ये ते बंद केलं. माझ्या मते कल्पना वाईट नव्हती. सर्च हा आजाराचा पुरावा मानला, तिथे गडबड झाली. टीव्हीवर बातमी आली की धडधाकट माणूसही सर्च करतो.

तुम्ही स्वतः काय बघू शकता?

गुगल ट्रेंड्स अजून चालू आहे. 'स्वाइन फ्लू' टाका, राज्य महाराष्ट्र निवडा. मात्र तिथला १०० म्हणजे १०० रुग्ण नव्हे, १०० सर्चही नव्हे. निवडलेल्या काळातला सर्वात वरचा बिंदू म्हणजे १००, बाकी सगळं त्याच्या तुलनेत. लहान शहरात सर्च फारच कमी असतील तर सरळ शून्य दाखवतात.

पक्क्या आकड्यांसाठी जागतिक आरोग्य संघटनेचं 'फ्लूनेट' बघा. ते मोबाइल ब्राउझरमध्ये उघडतं, देश भारत निवडला की आठवड्यागणिक किती नमुने तपासले आणि कोणता विषाणू सापडला ते दिसतं. भारतात साधारण दोन चढ येतात: एक जानेवारी ते मार्च, दुसरा पावसाळ्यात आणि त्यानंतर. शेवटच्या एक-दोन आठवड्यांची रेघ खाली आलेली दिसली तर साथ ओसरली असं धरू नका. बऱ्याचदा उशिरा येणारे रिपोर्ट जमा व्हायचे असतात.

जिल्ह्याचा आकडा वाचताना संभाजीनगरकरांना दोन जास्तीच्या अडचणी आहेत. घाटीत जालना, बीड, परभणीकडचेही पेशंट येतात, त्यामुळे घाटीतले पेशंट म्हणजे शहरातले पेशंट नव्हेत. आकडा राहत्या पत्त्यावरून मोजलाय की दाखल झालेल्या दवाखान्यावरून, ते बघा. आणि जुन्या तक्त्यांमध्ये जिल्हा 'औरंगाबाद' नावानेच सापडेल. त्याच नावाचा एक जिल्हा बिहारमध्येही आहे, तेव्हा शेजारच्या रकान्यात राज्य कोणतं लिहिलंय ते वाचल्याशिवाय स्क्रीनशॉट पुढे पाठवू नका.