नियामक टी पेशी

नियामक टी पेशी ह्या पांढऱ्या रक्तपेशींमधील टी लसिका पेशींचा एक गट आहेत. रोगप्रतिकार यंत्रणेने स्वतःच्याच शरीरातील ऊतींवर हल्ला करू नये यासाठी इतर प्रतिकारक पेशींना आवर घालणे, हे त्यांचे मुख्य कार्य होय. निरोगी माणसाच्या रक्तातील सीडी४ प्रकारच्या टी पेशींमध्ये त्यांचे प्रमाण साधारणपणे ५ ते १० टक्के असते. या पेशींविषयीच्या मूलभूत संशोधनासाठी मेरी ब्रुंको, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची यांना २०२५ चे शरीरक्रियाशास्त्र अथवा वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

पार्श्वभूमी

टी पेशी अस्थिमज्जेत उगम पावतात आणि छातीच्या हाडामागील थायमस ग्रंथीत परिपक्व होतात. प्रत्येक टी पेशीच्या पृष्ठभागावरील ग्राही यदृच्छेने घडत असल्याने शरीरातील स्वतःच्या प्रथिनांना शत्रू समजणाऱ्या पेशीही अपरिहार्यपणे तयार होतात. त्यांपैकी बहुतेक थायमसमध्येच नष्ट केल्या जातात. या क्रियेला केंद्रीय सहिष्णुता म्हणतात. मात्र ही चाळणी परिपूर्ण नाही. तिच्यातून निसटलेल्या पेशी निरोगी माणसाच्या रक्तातही आढळतात, तरीही बहुतेकांना काहीच होत नाही. असे का, या प्रश्नाचे उत्तर शोधताना परिघीय सहिष्णुतेची, म्हणजे थायमसबाहेरील नियंत्रणाची, कल्पना पुढे आली.

संशोधनाचा इतिहास

१९७० च्या दशकाच्या आरंभी येल विद्यापीठातील रिचर्ड गर्शन यांनी ‘दमनकारी टी पेशीं’ची कल्पना मांडली. दशकभर ती बरीच लोकप्रिय होती. तथापि या पेशींची खूण मानला गेलेला ‘आय-जे’ नावाचा जनुकीय भाग १९८० च्या दशकात प्रत्यक्ष शोधला असता सांगितलेल्या जागी सापडलाच नाही, आणि हा विषय जवळजवळ बदनाम झाला. त्यानंतर दमनकारी पेशींवर काम करणे म्हणजे संशय ओढवून घेणे, अशी स्थिती होती. साकागुची यांचे काम नेमके याच प्रतिकूल काळातले आहे.

त्यांचा आरंभबिंदू जपानमधील नागोया येथील एक जुना प्रयोग होता. उंदराच्या पिलाची थायमस ग्रंथी जन्मानंतर तिसऱ्या दिवशी काढली असता प्रतिकारशक्ती नुसती दुबळी व्हावी, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात माद्यांची बीजांडे नष्ट झाल्याचे १९६९ मध्ये दिसून आले. तीच शस्त्रक्रिया सातव्या दिवशी केल्यास असे घडत नसे. साकागुची यांनी अशा पिलांना त्याच वाणाच्या प्रौढ उंदरांच्या टी पेशी टोचल्या, तेव्हा रोग टळला. याचा अर्थ, प्रौढ उंदरांच्या टी पेशींमध्ये रक्षण करणारा एखादा गट असला पाहिजे. तो ओळखण्याची खूण मिळण्यास दशकाहून अधिक काळ गेला. सीडी४ आणि सीडी२५ ही दोन्ही प्रथिने पृष्ठभागावर असणाऱ्या पेशी काढून टाकल्या तर उंदरांना स्वप्रतिरक्षा विकार (ऑटोइम्यून विकार) होतात आणि त्या परत दिल्या तर ते टळतात, असे साकागुची यांनी १९९५ मध्ये दाखवले. तरीही शंका उरली, कारण संसर्गाच्या वेळी चेतवलेल्या साध्या टी पेशींवरही सीडी२५ दिसते.

ही शंका दूर झाली ती वेगळ्याच दिशेने. अमेरिकेतील टेनेसी राज्यात ओक रिज येथील प्रयोगशाळेत १९४० च्या दशकाच्या अखेरीस ‘स्कर्फी’ नावाचा उंदरांचा वाण आपोआप उद्‍भवला होता. यातील काही नरांची त्वचा खवल्यांची होई, प्लीहा व लसिका ग्रंथी सुजत आणि ते काही आठवड्यांतच मरत. केवळ नरांनाच बाधा होत असल्याने दोष एक्स गुणसूत्रावर आहे, हे उघड होते. वॉशिंग्टन राज्यातील एका जैवतंत्रज्ञान कंपनीत काम करणाऱ्या ब्रुंको व रॅम्सडेल यांनी शोधाचे क्षेत्र सुमारे ५ लाख न्यूक्लिओटाइडांपर्यंत आणले. त्यात संभाव्य जनुके २० होती, आणि दोष सापडला तो अगदी शेवटच्या जनुकात. तेथे केवळ दोन अक्षरे जास्तीची होती. या जनुकाला फॉक्सपी३ हे नाव मिळाले. २००१ मध्ये त्यांनी हा शोध प्रसिद्ध केला. त्याच वर्षी, मानवातील याच जनुकाच्या बिघाडामुळे आयपेक्स हा दुर्मीळ आजार होतो, हेही स्पष्ट झाले. यात लहान मुलग्यांना तीव्र अतिसार, मधुमेह व इसब होतो. अस्थिमज्जा प्रत्यारोपण हा त्यावरील एक उपचार आहे.

२००३ मध्ये साकागुची, रॅम्सडेल आणि अलेक्झांडर रुडेन्स्की यांच्या गटांनी स्वतंत्रपणे दाखवले, की नियामक टी पेशींची घडण फॉक्सपी३ वरच अवलंबून असते. या तिघांना २०१७ चे क्राफूर्ड पारितोषिक मिळाले होते. नोबेलच्या नियमानुसार एका विषयात तिघांहून अधिक मानकरी नसतात. २०२५ च्या यादीत ब्रुंको आहेत, रुडेन्स्की नाहीत.

कार्यपद्धती

या पेशी एकाच मार्गाने काम करत नाहीत. सीडी२५ हा इंटरल्यूकिन-२ च्या ग्राहीचा भाग आहे. त्याच्या साहाय्याने त्या हे वाढद्रव्य शोषून घेतात व शेजारच्या टी पेशींना त्याचा तुटवडा पडतो. सीटीएलए-४ या प्रथिनाद्वारे त्या प्रतिजन सादर करणाऱ्या पेशींची चेतवण्याची क्षमता कमी करतात. शिवाय इंटरल्यूकिन-१० व टीजीएफ-बीटा ही शामक द्रव्ये स्रवतात. बहुतेक नियामक पेशी थायमसमध्ये तयार होतात, तर काही आतड्यासारख्या ठिकाणी साध्या टी पेशींपासून घडतात. आतड्यातील उपकारक जीवाणूंशी शरीराचे जमते, त्यात या दुसऱ्या गटाचा मोठा वाटा आहे. मादी उंदरांमध्ये गर्भ टिकून राहण्यासाठीही या पेशी आवश्यक असल्याचे दिसले आहे.

वैद्यकीय महत्त्व

कर्करोगात हीच यंत्रणा रुग्णाच्या विरुद्ध जाते. अनेक गाठींमध्ये नियामक पेशी जमा होतात आणि गाठीवर हल्ला करू पाहणाऱ्या पेशींना रोखतात. त्यामुळे तेथे त्यांना कमी करण्याचे, तर स्वप्रतिरक्षा विकार व अवयव प्रत्यारोपणात त्यांना वाढवण्याचे प्रयत्न चालू आहेत. एका पद्धतीत इंटरल्यूकिन-२ अल्प मात्रेत देतात. दुसऱ्या पद्धतीत रुग्णाच्या नियामक पेशी प्रयोगशाळेत वाढवून परत शरीरात सोडतात. मूत्रपिंड प्रत्यारोपण व पहिल्या प्रकारचा मधुमेह यांतील सुरुवातीच्या चाचण्यांत ही पद्धत सुरक्षित आढळली. मात्र माणसात फॉक्सपी३ काही काळ चेतवलेल्या साध्या टी पेशींतही दिसत असल्याने शुद्ध नियामक पेशी वेगळ्या करणे कठीण जाते. त्यासाठी सीडी१२७ हे प्रथिन कमी असणे ही जास्तीची खूण वापरली जाते. विशिष्ट अवयवाकडेच जातील अशा ग्राहींनी सज्ज केलेल्या नियामक पेशीही चाचणीच्या टप्प्यावर आहेत.