दिनविशेष : १६ मार्च
२००९ : आकाशातले तीन नवे जिवाणू

पृथ्वीवरील जीवसृष्टीचे बीज अंतराळातून आले असेल का? हा प्रश्न प्रयोगाच्या कसोटीवर तपासण्यासाठी खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर यांच्या नेतृत्वाखाली २० एप्रिल २००५ रोजी हैदराबादहून महाकाय फुगा सोडण्यात आला. त्यासोबत निर्जंतुक, निर्वात केलेल्या १६ पोलादी नळ्या द्रवरूप निऑनमध्ये बुडवलेल्या होत्या. २० ते ४१ किलोमीटर उंचीवर झडपा उघडताच हवा आत खेचली जाऊन गोठे. पुढे नळ्या पॅराशूटने खाली आल्या. हैदराबादची ‘सेंटर फॉर सेल्युलर अँड मॉलिक्युलर बायोलॉजी’ (सीसीएमबी) ही संस्था आणि पुण्याचे राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्र यांनी नमुने तपासले. जिवाणूंच्या १२ आणि बुरशीच्या ६ वसाहती आढळल्या. त्यांतील तीन जिवाणू सर्वस्वी नवे असल्याचे इस्रोने आजच्या दिवशी जाहीर केले. अतिनील किरणांपुढे ते आपल्या पृथ्वीवरील भाऊबंदांपेक्षा चिवट ठरले.

एकाला नारळीकरांचे गुरू फ्रेड हॉईल यांच्यावरून ‘जॅनीबॅक्टर हॉयली’, दुसऱ्याला इस्रोवरून ‘बॅसिलस इस्रोनेन्सिस’ आणि तिसऱ्याला ‘बॅसिलस आर्यभट’ असे नाव मिळाले. मात्र ते अंतराळातूनच आले, असा दावा इस्रोने केला नाही. वाऱ्याने जमिनीवरून वर गेल्याची शक्यता उरतेच.