सातव्या गठ्ठ्याची कुळकथा

साताऱ्या-सांगलीकडच्या कचेऱ्यांत टेबलाची झडती सहा गठ्ठ्यांवर होते: प्रलंबित प्रकरणं, प्रतीक्षाधीन, नियतकालिकं, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात धाडायची आणि नाश करायची. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर पडलेला साहेबांचा आदेश यांत कुठेच बसत नाही. तो कारकुनाच्या खिशातून घरी जातो. हा सातवा गठ्ठा कालपरवाचा, असं सगळे धरून चालतात. माझ्या मते तो मेणवलीचा आहे.

आधी सहा गठ्ठ्यांचं. चालू कागद वेगळे, संपलेले वेगळे, ही त्यांच्यामागची फोड इंग्रजांची म्हणतात. अ-ब-क-ड वर्गवारी त्यांची, कबूल. पण पेशव्यांच्या हुजूर दफ्तरात फडणिसांच्या हाताखाली चालते दफ्तर होतं आणि पुण्याहून न हलणारं एकबेरीज दफ्तर निराळं; तिथे साऱ्या खात्यांचे तर्जुमे, खतावण्या होत. 1818 मध्ये हे आयतं हाती लागल्यावर इंग्रज त्यातून काही शिकले नसतील, हे मला पटत नाही.

नाना फडणीस 1800 मध्ये गेले. राज्यकारभाराचा केवढा तरी पत्रव्यवहार मात्र वाईजवळ मेणवलीला, त्यांच्या वाड्यात. कचेरीचे कागद घरी का? एक मत असं की नाना सावध मुत्सद्दी, कुणाचाच भरवसा धरत नसत. चटपटीत खुलासा आहे, पण मिरजेला लागू पडत नाही. पटवर्धन सरदार छावणीतून भावाबंदांना, कारकुनांना लिहीत ती पत्रंही घरच्याच दफ्तरात राहिली. तिथल्या हायस्कुलातले शिक्षक वासुदेवशास्त्री खरे यांनी 1897 पासून ती 'ऐतिहासिक लेखसंग्रहा'त छापली. तिथे कसला कावा? पदच वंशपरंपरेचं, त्यामुळे घर आणि कचेरी यांना उंबरठा एकच. माझा कौल याला.

मग ती रद्दीत का गेली नाहीत? इतिहासप्रेमाचं कौतुक मला फारसं पटत नाही. 1848 मध्ये सातारचं राज्य खालसा झालं, 1852 चा अकरावा कायदा आला आणि इनाम कमिशन पुरावा मागू लागलं. कागद नाही तर इनाम नाही, म्हटल्यावर कोण जाळतो? धाकाने जेवढं जपलं गेलं तेवढं अभिमानाने नाही.

आता केंद्राच्या 1993 च्या कायद्याने संगणकातून वा अन्य यंत्रातून निघालेलं साहित्यही अभिलेखात धरलं आहे. बेकायदा नाश केल्यास 5 वर्षांपर्यंत कैद किंवा 10,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा 2005 चा. त्याच वर्षीच्या माहिती अधिकार कायद्याने अभिलेखांची सूची ठेवणंही बंधनकारक केलं. पण फोन कारकुनाचा आणि मजकूर सरकारचा, तेव्हा बदलीच्या दिवशी कोणी काय सोपवून जायचं? टेबलाचा कार्यभार देताना यादी होते. ग्रुपमधून माणूस नुसता 'लेफ्ट' होतो.

मेणवलीचं बरंचसं दफ्तर इतिहाससंशोधक द. ब. पारसनीसांनी साताऱ्याला आणलं. तिथे 1925 मध्ये संग्रहालय उघडलं, पुढच्याच वर्षी पारसनीस वारले आणि 1939 मध्ये तो संग्रह पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला. नानांचा कार्यभार सोपवायला 139 वर्षं लागली.